वृंदातून एकट्याकडे : चरणजित सिंग यांचे रागवादन

वृंदवादनात वादकाचे कसब ऐकू येते. त्याचे नाव सहसा ऐकू येत नाही. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून गिटार व बेस गिटार वाजविणारे चरणजित सिंग अशाच अनाम वादकांपैकी एक. १९८२ साली त्यांनी सिंथेसायझर व तालयंत्र एवढ्याच सामग्रीनिशी, डिस्कोच्या ठेक्यावर, दहा रागांची ध्वनिमुद्रिका एकट्याने सिद्ध केली. त्या वेळी ती उपेक्षितच राहिली. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी तिचा जयजयकार केला.

या जयजयकाराचे कारण मात्र तपासून पाहिले पाहिजे. शिकागोत १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताचा आरंभ ज्या ध्वनिमुद्रिकेने झाला असे मानतात, तिच्यातील रोलँड टीबी-३०३ हे यंत्र सिंग यांनी पाच वर्षे आधीच योजिले होते. परंतु अग्रक्रम हा इतिहासाचा निकष झाला, रसाचा नव्हे. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी सारखा ध्वनी निघाला, एवढ्यावरून वंशावळही सिद्ध होत नाही. ज्याने आपल्या कृतीला रागांची नावे दिली, त्याला रागाच्याच कसोटीवर घासणे हा त्याचा खरा सन्मान होय.

या कसोटीवर ही कृती कुठे उणी तर कुठे भरीव ठरते. तोडीच्या गांधाराची अतिकोमल छटा पट्ट्यांच्या ठरीव स्वरांत सापडत नाही. विलंबितापासून द्रुतापर्यंतचा लयीचा प्रवासही निश्चल ठेक्यात संभवत नाही. उलट भूपाली, कलावती, मालकंस यांसारखे औडव राग या चौकटीत डौलाने उभे राहतात. टीबी-३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. तिच्यामुळे मींडेचा आभास उत्पन्न होतो. सतत आवर्तणारी खर्जाची ओळ तंबोऱ्याचे काम करते. पाश्चात्त्य स्वरसंवादाचा मोह टाळून सिंग यांनी रागाचे एकस्वरी वळण सांभाळले, हे त्यांचे श्रेय.

मराठी रसिकाला हा वाद नवा नाही. मींड न देणाऱ्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले आणि ते १९७१पर्यंत पुरते उघडले नाही. पण त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांनी रसिकांना जिंकले होते. वाद्याची मर्यादा ही वादकाची मर्यादा ठरतेच असे नाही. परकीय ठेक्यात आपले वळण टिकविणे हैदराबादकरांना तरी अपरिचित वाटू नये. येथील दखनीत मराठीचा ‘नको’ ‘नक्को’ होऊन सुखाने नांदतो.

एक विसंगती मात्र मन अस्वस्थ करते. टीबी-३०३ बेस गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी विक्रीस आले होते. आणि बेस वाजविणाऱ्या या कलावंताने तेच हाती घेतले. पुढे अशाच यंत्रांनी चित्रपटसृष्टीतील मोठे वाद्यवृंद मोडीत काढले. एकाला स्वतंत्र करणाऱ्या साधनाने शेकडोंना निरुद्योगी केले. २०१५ साली सिंग निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे मोल ठरविताना स्वातंत्र्याची ही किंमतही हिशेबात धरावी लागेल.