चित्रकादंबरीतील आदिबंध

चित्रांच्या क्रमबद्ध मालिकेतून दीर्घ कथानक उलगडणाऱ्या ग्रंथरूप साहित्यप्रकारास चित्रकादंबरी म्हणतात. विल आयस्नर या अमेरिकन चित्रकाराच्या अ काँट्रॅक्ट विथ गॉड (१९७८) या पुस्तकामुळे ही संज्ञा विशेष रूढ झाली. भारतात ओरिजित सेन यांची नर्मदा खोऱ्यातील संघर्षावरील रिव्हर ऑफ स्टोरीज (१९९४) ही या प्रकारातील आरंभीची कृती होय. चित्रकादंबरीत पात्राचा आकार शब्दांच्या आधी डोळ्यांना भिडतो. त्यामुळे तिच्यातील पात्रांचा उलगडा आदिबंधांच्या आधारे करण्याकडे समीक्षकांचा कल होणे स्वाभाविक आहे. या पद्धतीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या जीवनावरील भीमायन (२०११) या इंग्रजी चित्रकादंबरीच्या संदर्भात स्पष्ट होतात.

आदिबंधाची कल्पना स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) यांनी मांडली. व्यक्तिगत अबोध मनाच्या तळाशी सर्व मानवजातीस समान असे सामूहिक अबोध मन असते व त्यातील उपजत आकृतिबंध म्हणजे आदिबंध, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आदिबंध स्वतः अदृश्य असतो. स्वप्ने, पुराणकथा व कला यांतील प्रतिमांच्या द्वारे तो प्रकट होतो. समाजापुढे धारण केलेला मुखवटा, स्वतःचाच नाकारलेला अंश असलेली छाया, माता, बालक, प्रज्ञावंत वृद्ध आणि व्यक्तिमत्त्वाच्या पूर्णत्वाचे निदर्शक असे ‘स्व’ हे त्यांपैकी प्रमुख होत. मॉड बॉडकिन (१९३४) व नॉर्थ्रप फ्राय (१९५७) यांनी ही कल्पना साहित्यसमीक्षेत आणली, तर जोसेफ कँबेल यांनी १९४९ मध्ये वीरनायकाच्या प्रवासाचा एक सार्वत्रिक आराखडा सिद्ध केला.

भीमायनची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची असून संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची आहे. पाणी, निवारा व प्रवास असे तिचे तीन भाग आहेत. तहानलेल्या बाल भीमाचे धड माशाचे होते, आगगाडी सर्परूप घेते, किल्ला हिंस्र श्वापदासारखा दिसतो. सौम्य वाणीचे शब्द पक्ष्याच्या आकारात, तर जातिद्वेषाचे शब्द विंचवाची नांगी असलेल्या आकारात लिहिलेले आहेत. पाने चौकटींत विभागलेली नाहीत. भिंती व जमिनी रंगविण्याच्या ‘दिगना’ या पारंपरिक आकृतिबंधाच्या वळणांनी प्रसंग वेगळे केले आहेत.

आदिबंधांच्या दृष्टीने पाहता या कृतीची संगती सहज लागते. परित्यक्त तरीही भविष्याचे बीज वाहणारा बालक, गिळू पाहणारा सर्प, जीवनदायी मातृरूप जल, द्वार अडविणारे श्वापद आणि अखेरीस लोकांसाठी वरदान घेऊन परतणारा वीर हे सर्व आदिबंध येथे आढळतात. रामायणाची आठवण करून देणारे शीर्षकही या वाचनास पोषक ठरते. या कथेचे तपशील ठाऊक नसलेला परदेशी वाचकही ती चित्रे पाहून का हेलावतो, याचे उत्तर या पद्धतीतून काही अंशी मिळते.

तथापि हे वाचन तीन ठिकाणी अपुरे पडते. पहिले असे, की येथील मासा व सर्प कलावंतांच्या अबोध मनातून अनाहूतपणे वर आलेले नाहीत. परधान हे गोंडांचे परंपरागत कथागायक होत. त्यांची प्रतिमासृष्टी शिकलेली, जतन केलेली व जंगडसिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यापासून कागदावर नव्याने घडविलेली आहे. तिला केवळ सामूहिक अबोधाचा आविष्कार मानल्यास आदिवासी कलावंताचे कर्तृत्वच नाकारल्यासारखे होते.

दुसरी मर्यादा जलप्रतिमेची. भंडारा हा तलावांचा जिल्हा. तेथील अनेक जुने तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावच्या वाचकास पाणी हे मातृरूप वाटेलच. पण तलाव कोणी बांधला आणि त्यावर कोणाला जाऊ दिले, हे प्रश्नही त्याच्या मनात त्याबरोबरच उभे राहतील. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुले केल्यानंतरही २० मार्च १९२७ रोजी तेथील पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. भीमायनमधील तहान ही आत्म्याची तहान नव्हे. ती विशिष्ट माणसांनी विशिष्ट माणसांवर लादलेली तहान आहे.

तिसरी मर्यादा वीरनायकाच्या आदिबंधाची. वीराच्या प्रवासाचा शेवट विजयात होतो. आंबेडकरांचा मात्र १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत व १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातच पराभव झाला. आदिबंधाच्या आराखड्यात अशा पराभवांना जागा नाही. शिवाय २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना राजकारणातील भक्ती अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनीच दिला होता. त्यांना आदिबंधात विलीन करणारी समीक्षा नकळत त्या भक्तीलाच हातभार लावते.

आदिबंधांपैकी छायेची कल्पना मात्र येथे खरोखर उपयोगी पडते. परंतु ती नायकाला नव्हे, तर त्याला पाणी नाकारणाऱ्या जमावाला लावली पाहिजे. स्वतःतील नकोसे ते दुसऱ्यावर लादून त्याला अपवित्र ठरविण्याची जी प्रक्रिया युंग वर्णितात, ती अस्पृश्यतेच्या मानसिकतेवर प्रकाश टाकते. विंचवाच्या नांगीचे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांच्या मनाचे ते दर्शन होय. येथेही सावधगिरी हवी. करडीच्याच तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. अशा घटनेस केवळ छायेचा उद्रेक म्हटल्यास मनोव्यापाराचे वर्णन होते, पण जबाबदारी कोणाचीच उरत नाही. छाया सर्वांच्या मनात असते. ती कोणावर पडते, हे मात्र समाजव्यवस्था ठरविते.

सारांश, आदिबंधांमुळे चित्रकादंबरीतील प्रतिमांचे बळ कळते, पण त्यांचा अर्थ सर्वस्वी कळत नाही. प्रतिमा कोणत्या परंपरेतून आली व कोणत्या अनुभवासाठी योजली गेली, या दोन प्रश्नांची जोड दिल्यावरच ही पद्धत फलदायी ठरते. व्याम दांपत्याने आपल्या पात्रांना चौकटींत कोंडले नाही. समीक्षकानेही त्यांना आदिबंधांच्या चौकटींत कोंडू नये, हेच या कृतीच्या अभ्यासातून निष्पन्न होते.