कांताबाई सातारकर : अभिनेत्री म्हणून

मराठी लोकवाङ्मयाच्या इतिहासात संगमनेरचे नाव आले ते अनंत फंदी (१७४४–१८१९) यांच्यामुळे. त्यांच्या नावाने येथे व्याख्यानमाला चालते आणि शहराला त्याचा रास्त अभिमान आहे. याच तालुक्यातील हिवरगाव पावसा येथे १८७० मध्ये पवळा जन्मली. तिने पठ्ठे बापूरावांच्या फडात उभे राहून नाच्या पोऱ्याची जागा स्त्रीला मिळवून दिली. तिचा मृत्यू १९३९ चा. आणि त्याच वर्षी गुजरातेत, बडोद्याकडच्या एका दगडखाणीवर, पोटासाठी दूर गेलेल्या कुटुंबात कांताबाई जन्मल्या. साताऱ्यात त्या वाढल्या, कोवळ्या वयात मेळ्यात नाचू लागल्या आणि पुढे संगमनेरच्या झाल्या. २५ मे २०२१ रोजी, करोनाच्या साथीत, त्यांचे निधन झाले तेही संगमनेरातच.

त्यांच्यावरील मृत्युलेखांत 'तमाशासम्राज्ञी' हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. आमची तक्रार या शब्दाविषयीच आहे. सम्राज्ञी म्हटले की अभिनेत्री म्हणण्याची जबाबदारी टळते. नाटकाच्या इतिहासकाराने त्यांची दखल लोककलेच्या प्रकरणात घ्यायची, आणि लोककलेच्या अभ्यासकाने ढोलकी-लावणीपाशी थांबायचे, अशी ही सोयीची वाटणी आहे. वस्तुतः कांताबाईंची खरी कमाई लावणीत नव्हती, ती वगात होती.

वाचकांपैकी अनेकांनी वग पाहिलेला नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ढोलकी-फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी असे टप्पे सरत जातात आणि मध्यरात्र उलटल्यावर वग सुरू होतो. तो पहाटेपर्यंत चालतो. संवाद पुष्कळदा लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले, बोलणे मात्र नटाने उभ्या उभ्या रचायचे. समोर हजारोंचा समुदाय जमिनीवर बसलेला, त्यातला काही झोपाळू, काही शिट्ट्या वाजवण्यासाठीच आलेला. अशा वेळी राणीच्या वेषात येऊन दोन वाक्यांत त्या समुदायाला ताब्यात घेणे, आणि तेही आवाज न चढवता, हे बंदिस्त नाट्यगृहातील नटीलाही सोपे नाही.

आम्ही कांताबाईंना पाहिले ते त्यांच्या उतारवयात, एका जत्रेच्या कनातीत. त्यांचे येणे अगदी साधे होते. त्या ध्वनिक्षेपकापाशी आल्या, पदर सावरला, क्षणभर बोललेच नाहीत. त्या विरामातच मागच्या बाजूची कुजबूज बंद झाली. विराम घेण्याचे धैर्य हे नटाचे अखेरचे शिक्षण असते, असे आम्हांस वाटते.

हे शिक्षण त्यांना तुकाराम खेडकरांच्या फडात मिळाले. तुकाराम हे वगाचे नामवंत नायक. त्यांच्यासमोर उभी राहणारी नायिका फिकी पडली असती तर फड कोसळला असता. पुढे दोघांनी संसारही केला. १९६४ मध्ये तुकाराम गेले. लहान मुले पदरात, फड हातचा गेलेला, अशा स्थितीतून कांताबाईंनी काही वर्षांत पुन्हा आपला फड उभा केला आणि त्याच्या फलकावर पतीच्या नावाशेजारी स्वतःचे नाव लावले. नंतर मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून गाजले आणि फलक त्यांच्या नावाचा झाला. 'गवळ्याची रंभा', 'रायगडची राणी' हे वग या घराण्याच्या नावाशी जोडले गेले आहेत. कांताबाईंनी शिवछत्रपतींची भूमिकाही केली. ज्या रंगमंचावर एके काळी पुरुष स्त्री होऊन नाचत होता, तेथे एका स्त्रीने महाराज उभे करावेत आणि गावोगावच्या प्रेक्षकाने ते मुजरा करून स्वीकारावेत, ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवी होती.

दोषही सांगितले पाहिजेत. मोठ्या फडांनी प्रेक्षक टिकवण्यासाठी चित्रपटगीतांना दारे उघडली, दिव्यांचा झगमगाट वाढवला आणि वगाचा वेळ आखडत गेला. संगमनेरचा हा फडही त्या लाटेबाहेर राहिला नाही. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत शंभरावर माणसांचे पोट चालवणाऱ्या मालकिणीला आम्ही दोष देत नाही. पण त्यातल्या अभिनेत्रीचे नुकसान झाले, हे खरेच.

येथे आम्हांस मॅगी स्मिथ आठवतात. २०२४ मध्ये, ८९ व्या वर्षी, त्या वारल्या. 'सिस्टर अ‍ॅक्ट' (१९९२) मधील मठाधिपती मदर म्हणून आमच्या कुटुंबांतून त्या ओळखीच्या आहेत. १९५२ मध्ये ऑक्सफर्डला शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये पुरुषवेष घेणारी व्हायोला त्यांनी केली आणि तेथून सत्तर वर्षे त्या रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरल्या. त्यांची नाटके विरली तरी चित्रपट उरले. त्यांचा विराम, त्यांची भुवई आजही तपासून पाहता येते. कांताबाईंच्या बाबतीत समीक्षकाच्या हाती काय आहे? वगांची बोलणी उतरवलेली नाहीत, ऐन उमेदीतले चित्रण जवळजवळ नाही. संतोष खेडलेकरांनी लिहिलेले चरित्र आहे; त्यातून बाईंचे जगणे कळते, पण अभिनय चरित्रात मावत नाही. विठाबाई २००२ मध्ये गेल्यावर त्यांच्या नावाने शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याचा पहिला मान कांताबाईंना दिला. पुरस्काराबरोबर एक कॅमेरा पाठवला असता तर अधिक बरे झाले असते.

शासनाला बोल लावताना आमचे घरही तपासावे लागते. तमाशा हा शब्द आमच्याकडे दबक्या आवाजात उच्चारला जाई. ज्या वस्त्यांनी हलगी आणि ढोलकी पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्याच वस्त्यांतून आमच्यापैकी कित्येकांचे पूर्वज आले, हे तर कोणी काढतच नसे. आमचे एक वडीलधारे आप्त रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसत आणि जत्रेच्या रात्री कनातीत मागच्या अंधारात. 'रायगडची राणी'तला एक प्रवेश त्यांना कांताबाईंच्या ढंगासह तोंडपाठ होता. फार आग्रह केला तर दार लावून ते म्हणून दाखवीत. तो उतरवून घ्यावा असे आम्ही दोन-तीन सुट्ट्यांत ठरवले होते. ते वारले तेव्हा वही कोरीच होती.