'मॅक्सयूझर्स' : नावाची दिशाभूल

फ्रीबीएसडी हँडबुकमधील कर्नल-मर्यादांचा भाग विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा. लेखन नेमके आहे. 'मॅक्सयूझर्स' म्हणजे लॉगिन करणाऱ्यांची मर्यादा नव्हे, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे. या आकड्यावरून कर्नलमधील तक्त्यांचे आकार ठरतात. प्रोसेसची कमाल संख्या = २० + १६ × मॅक्सयूझर्स. मूल्य १ ठेवले तर ३६ प्रोसेस, ६४ ठेवले तर १०४४. फ्रीबीएसडी ४.५ पासून मूल्य ० ठेवल्यास सिस्टिम ते उपलब्ध मेमरी पाहून स्वतःच ठरवते. म्हणजे नावात यूझर्स, हिशेब मेमरीचा! टर्मिनलवर बसलेली माणसे मोजण्याच्या काळातले हे नाव तसेच राहून गेले.

नाव एक वेळ सोडून देऊ. खरी उणीव मांडणीत आहे. एका यूझरला मिळणारी प्रोसेस-मर्यादा मुळात एकूण संख्येच्या नऊ-दशांश असते, म्हणजे १०४४ पैकी ९३९. आता प्रयोगशाळेत चाळीस मुले एकाच सर्व्हरवर 'फोर्क' शिकत आहेत असे धरा. (नंदिनी नगर काय, पुणे काय, चित्र तेच.) एकाचा लूप चुकला की बाकी सगळ्यांना मिळून १०५ जागा, त्यातही सिस्टिमच्या स्वतःच्या सेवा आल्या. मॅक्सयूझर्स वाढवले तर तोच लूप आणखी प्रोसेस काढतो आणि आणखी मेमरी खातो.

यावरचा उपाय, लॉगिन-वर्गानुसार घातलेली प्रोसेस-मर्यादा, हँडबुकात आहे. पण वेगळ्या प्रकरणात, सुरक्षेच्या. म्हणून वर्गात मी क्रम उलटा ठेवतो : आधी लॉगिन-वर्ग, मग मॅक्सयूझर्स.