संबोधन आणि सख्य : ‘शाळा’ कादंबरीविषयी एका वाचकाचे मत

मराठीत कुमारवयीन मुलांविषयी लेखन पुष्कळ झाले आहे. परंतु त्यात मैत्री ही बहुधा कथानकाचा आधार असते, विषय नसते. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ह्यांना सोबती आहेत. तथापि वाचकाचे लक्ष नायकाच्या चांगुलपणावर अथवा पराक्रमावर खिळलेले राहते. मिलिंद बोकील ह्यांची ‘शाळा’ (मौज प्रकाशन गृह, २००४) ह्या बाबतीत निराळी आहे. नववीत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे तीन मित्र, शिरोडकर नावाची वर्गभगिनी आणि आणीबाणीच्या काळातील एका निमशहरी गावातले शालेय वर्ष, एवढेच तिचे भांडवल आहे. सुजय डहाके ह्यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाल्यापासून ती मुख्यत्वे पहिल्या प्रेमाची कथा म्हणून ओळखली जाते. तसे वाचण्यात चूक नाही. परंतु माझ्या मते ती प्रथम मैत्रीची कादंबरी आहे, आणि ह्याचा पुरावा घटनांपेक्षा पात्रांच्या संबोधनांत अधिक स्पष्टपणे सापडतो.

मुकुंदाच्या मित्रांची नावे पाहावीत : सुऱ्या, चित्र्या, फावड्या. पहिले व्यक्तिनामाचे संक्षिप्त रूप आहे, दुसरे आडनावावरून बनले आहे, तिसरे टोपणनाव आहे. मूळ तिन्हींचे भिन्न. पण शेवटी तिघांना एकच ‘-या’ प्रत्यय लागून ती एका पंक्तीत येऊन बसली आहेत. व्याकरणकार ह्या प्रत्ययाची गणना तुच्छतादर्शकांत करतात, आणि ती अयोग्य नाही. गड्याला ‘राम्या’ म्हणून हाक मारणारा धनी त्या प्रत्ययाने आपला अधिकारच दाखवीत असतो. मग मित्राच्या तोंडी तोच प्रत्यय सलगीचा कसा होतो? भेद शब्दाच्या रूपात नसून त्याच्या परतफेडीत आहे. गड्याला धन्याचे नाव त्या रीतीने उलट घेता येत नाही, मित्राला येते. ज्यांना एकमेकांचे नाव सारख्याच प्रमाणात बिघडविण्याची मुभा आहे ते मित्र होत, अशी मैत्रीची एक भाषिक व्याख्या ह्या कादंबरीवरून करता येईल. तिचा हलकेफुलकेपणाही पुष्कळसा येथूनच येतो. मुले विनोद सांगत नाहीत. ती केवळ एकमेकांशी बोलतात, आणि त्या बोलण्यातील समपातळी वाचकाला प्रसन्न करते.

आता शिरोडकरचा विचार करू. तिला हा प्रत्यय लागत नाही. तिचे व्यक्तिनामही मुकुंदाच्या निवेदनात पुढे येत नाही. ज्या मुलीवाचून त्याला करमत नाही तिचा विचारसुद्धा तो आडनावानेच करतो. ह्याचे कारण भाषिक व्यवहारातच शोधले पाहिजे. व्यक्तिनाम घ्यावे तर मन उघडे पडते. नाव बिघडवावे तर तेवढी मुभा नाही. नात्याचा शब्द लावावा तर तो नको असलेले नाते जोडतो. उरते ते हजेरीपटावरील आडनाव. ते कोणीही घेऊ शकतो, म्हणूनच ते सुरक्षित असते. परिणामी कादंबरीतील सर्वांत उत्कट भावना सर्वांत निर्विकार शब्दाने व्यक्त होते, आणि ती मुलगी प्रेयसी होण्यापूर्वी वर्गातील बरोबरीची सोबतीण म्हणून आपल्यासमोर उभी राहते. शेवटी ती गाव सोडून जाते तेव्हा वाचकाला जी रुखरुख लागते तिचे एक कारण हेच आहे : ते नाव वर्गाच्या आधाराने जगत होते, आणि तो आधार आता सुटला.

येथे पेण व रोहा ह्या बाजूच्या वाचकाची एक अडचण नमूद केली पाहिजे. पेण तालुक्याच्या खारेपाटातील शाळेत नुसते ‘म्हात्रे’, ‘पाटील’ किंवा ‘ठाकूर’ म्हणून हाक मारल्यास एकाच वेळी कित्येकजण वळून पाहतील. तेथे आडनावाने व्यक्ती ओळखली जात नाही. वडिलांचे नाव, गावाचे नाव किंवा टोपणनाव घ्यावे लागते. उलट रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाल्यावर नोकरीनिमित्त ठिकठिकाणची कुटुंबे आली. अशा वस्तीतल्या वर्गात आडनावाचे संबोधन सहज चालू शकते. सारांश, ‘शिरोडकर’ ह्या हाकेतील गोडवा सार्वत्रिक नसून तो विशिष्ट प्रकारच्या शाळेचा आहे. हा कादंबरीचा दोष नव्हे. ती आपल्या गावाशी प्रामाणिक राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु ह्यातून एक मोठा प्रश्न उपस्थित होतो. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि स्वरमध्यस्थ ‘ड’चा ‘र’ होतो : ‘पानी’, ‘गारी’. ह्याच बोलीत मित्राला ‘बाला’ किंवा ‘दादूस’ म्हणून हाक मारतात. हे शब्द सख्याचे आहेत; तरी वर्गाच्या उंबरठ्यावर ते ‘अशुद्ध’ ठरतात. ज्या मुलाला मैत्रीचा शब्दच बाहेर ठेवून वर्गात यावे लागते तो पुष्कळदा मुका होतो, आणि त्याच्या मुकेपणाला मंदपणा समजण्यात येते. ‘शाळा’चे महत्त्व मला येथे वाटते. ‘लाईन देणे’ ह्यासारखे मुलांचे शब्द तिने पाहुण्याप्रमाणे अवतरणचिन्हांत बसविले नाहीत. संपूर्ण प्रथमपुरुषी निवेदनच त्या बोलण्याच्या वळणावर चालविले. निमशहरी मुलांची बोली जर सबंध कादंबरीचा भार वाहू शकते, तर खारेपाटातील मुलांची बोली तो वाहू शकणार नाही असे म्हणण्यास भाषाशास्त्रात आधार नाही.

कादंबरीची एक मर्यादाही सांगणे अवश्य आहे. निवेदक मुलगा असल्यामुळे मुलींची आपापसांतील मैत्री आपल्याला दुरून दिसते. ऐकू फारशी येत नाही. शिरोडकरला तिच्या मैत्रिणी एकांतात कोणत्या नावाने हाक मारीत असतील, ह्याचे कुतूहल शेवटपर्यंत अपुरेच राहते. मुलांच्या मैत्रीचे बारकावे ज्या कानाने टिपले त्याच कानाने टिपलेले दुसरे अर्धे चित्र ह्या पुस्तकात नाही.

तरीही महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला हे पुस्तक अवश्य वाचावयास द्यावे, असे माझे मत आहे. ते वाचून झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मित्रमैत्रिणींना मारावयाच्या हाका, जशा उच्चारल्या जातात तशाच, लिहून आणाव्यात. त्या यादीतील एकही शब्द अध्यापकाने तांबड्या शाईने दुरुस्त करू नये.