घरबसल्या पदवी आणि एकलव्याचे रूपक : मांडवा परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मांडवा हे अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. मुंबईहून समुद्रमार्गे ते सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. पेणमार्गे रस्त्याने जायचे तर तेच अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यापासून ही अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. तथापि जेटीवर काम करणारा तरुण, बंगल्याची देखभाल करणारा माळी किंवा पहाटे मासळी घेऊन बाजार गाठणारी स्त्री यांच्यापासून महाविद्यालय अजूनही दूरच आहे. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते कामाच्या पाळीत, घरच्या जबाबदारीत आणि बुडालेल्या रोजात मोजावे लागते. 'घरबसल्या पदवी' ही कल्पना अशा विद्यार्थ्यांसाठीच मांडली जाते. ती त्यांना नेमके काय देते आणि त्यांच्याकडून काय काढून घेते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तीन संज्ञा, तीन अंतरे

पत्रद्वारा, मुक्त आणि ऑनलाइन हे तीन शब्द आपल्याकडे सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत महत्त्वाचा भेद आहे. मुंबई विद्यापीठाने 1971 मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग सुरू केला. वर्गात न येता परीक्षेला बसण्याची वाट त्यामुळे अधिक रुंद झाली. 1 जुलै 1989 रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे संस्थापक कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने वय आणि वेळ यांच्या अटी सैल केल्या. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची सोयही केली. त्याचबरोबर या विद्यापीठाने गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली आणि तेथे समंत्रक नेमले. शिक्षण घरोघरी न्यायचे असले, तरी वाटेत एक माणूस भेटला पाहिजे, ही जाणीव या रचनेत होती.

ऑनलाइन पदवीचे स्वरूप निराळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनी मुक्त व दूरस्थ शिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण या दोन पद्धती स्वतंत्रपणे मांडल्या. मान्यताप्राप्त संस्थांनी या पद्धतींनी दिलेल्या पदव्या पारंपरिक पदवीशी समकक्ष आहेत, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्टही केले. ही समकक्षता न्याय्य आहे व तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र कायद्याने पदवी समान ठरली म्हणजे शिकणेही समान झाले, असे मानता येणार नाही.

एकलव्याचे रूपक

दूरशिक्षणाविषयीच्या बहुतेक भाषणांत एकलव्याचा उल्लेख येतो. गुरूच्या सान्निध्यावाचून शिकणारा आद्य विद्यार्थी म्हणून त्याचा गौरव केला जातो. हे रूपक सोयीस्करपणे अर्धेच वापरले जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एकलव्याने पुतळ्यापुढे साधना केली हे खरे. परंतु प्रत्यक्ष गुरूने त्याला आधी नाकारले होते. ज्याने काहीच शिकवले नाही, तोच पुढे दक्षिणा मागण्यास आला. कथेचा हा उत्तरार्ध दूरशिक्षणाच्या व्यवस्थेला अधिक लागू पडतो. प्रवेश देणारी, शुल्क घेणारी, परीक्षा घेणारी, परंतु शिकवण्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या चिकाटीवर सोडून देणारी संस्था द्रोणाचार्यांहून वेगळी कशी ठरते? विद्यार्थ्याची चिकाटी हा त्याचा गुण आहे. तो संस्थेच्या उणिवेचे समर्थन होऊ शकत नाही.

अभ्यासकेंद्रावरील अनुभव

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे एका अभ्यासकेंद्रावर मराठी विषयाचा समंत्रक म्हणून रविवारची संपर्कसत्रे घेतली आहेत. नोंदवहीत पंचवीस नावे असताना समोर चार-पाच विद्यार्थी बसलेले असत. तरीही जे येत, ते पाठ ऐकण्यासाठी येत नसत. पाठ पुस्तकात होताच. आपण लिहिलेले उत्तर बरोबर आहे का, आपल्या बोलीतला शब्द परीक्षेत चालेल का, आपल्यासारखे आणखी कोणी शिकत आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे असे. एका विद्यार्थिनीचा स्वाध्याय शेरा न लिहिता, केवळ गुण देऊन परत केला होता. तिने तो पुढच्या रविवारी पुन्हा आणला आणि विचारले, "सर, यात चुकलं काय ते कुठे लिहिलंय?" या प्रश्नास माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा दोष केवळ एका समंत्रकाचा नाही. विनियमांनुसार अंतर्गत मूल्यमापनास जास्तीत जास्त 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेस किमान 70 टक्के भार असतो. साहजिकच विद्यार्थी व शिक्षक दोघेही स्वाध्यायाकडे उपचार म्हणून पाहू लागतात. पण समोर नसलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत स्वाध्यायावरील शेरा हेच खरे अध्यापन असते.

दुसरी बाजू

ऑनलाइन शिक्षणाचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुलै 2017 मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावर नामवंत अध्यापकांची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात. 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथील अभ्यासक्रमांतून मिळवण्याची मुभा आहे. घराबाहेर पडण्याची परवानगी नसलेल्या विवाहितेला किंवा रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला ही सोय अभ्यासकेंद्राहूनही जवळची वाटू शकते.

परंतु सोयीचा पाया किती ठिसूळ आहे, हे या किनाऱ्याने अनुभवले आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. टाळेबंदीमुळे अध्यापन नुकतेच पडद्यावर गेले होते आणि त्याच वेळी अनेक गावांत विजेचे खांब कोसळून पुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. त्या दिवसांत छापील पुस्तक ज्याच्या हाती होते, त्याचाच अभ्यास चालू राहू शकला. नवे माध्यम जुन्या माध्यमाच्या जोडीला यावे. त्याची जागा घेऊ नये, हा यातील बोध आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, दूरशिक्षणात अंतर नाहीसे होत नाही, त्याचे केवळ स्थलांतर होते. विद्यार्थी आणि महाविद्यालय यांच्यातील अंतर विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात येऊन बसते. दोन, ते कमी करण्याचे सामर्थ्य पडद्यापेक्षा समंत्रकाच्या शेऱ्यात अधिक आहे. तीन, ऑनलाइन पदवी देणाऱ्या संस्थांनी जवळच्या महाविद्यालयांत आठवड्यातून एकदा तरी विद्यार्थ्याला माणूस भेटेल अशी व्यवस्था ठेवणे आवश्यक आहे.

आणि या व्यवस्थेत आपण प्राध्यापक कोठे आहोत? रविवारचे संपर्कसत्र आपण बहुधा जादा मानधनाचे काम समजतो. शेरा न लिहिता गुण देऊन मोकळे होतो. मांडव्याहून येणारा विद्यार्थी आठवड्याची एकमेव सुटी खर्च करून आपल्यापुढे बसतो. त्याच्या वहीवर चार ओळी लिहिणे ही आपली किमान जबाबदारी आहे. ती पार पाडली नाही, तर पदवीच्या नावाखाली मागितलेल्या अंगठ्याचे आपणही वाटेकरी ठरू.