'स्कॉटिश सॅमन': पाकिटावरून गेलेला एक शब्द

ब्रिटनमधल्या बऱ्याच मराठी घरांत रावस-सुरमईची जागा आता सॅमनने घेतली आहे. वर्षभर मिळतो, काटे कमी, तव्यावर पटकन होतो. पाकिटावर लिहिलेलं असतं 'स्कॉटिश सॅमन'. हे दोन शब्द जरा नीट वाचायला हवेत, कारण त्यांच्यामधला तिसरा शब्द काढून टाकलेला आहे.

आपल्या हापूसला जीआय आहे, तसं भौगोलिक नावाचं संरक्षण या माशाला २००४ पासून आहे. तेव्हा नोंदवलेलं नाव होतं 'स्कॉटिश फार्म्ड सॅमन'. २०२४ मध्ये डेफ्रा या ब्रिटिश सरकारी खात्याने उत्पादकांची मागणी मान्य केली आणि 'फार्म्ड' गेला. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत तो अजून द्यावा लागतो, समोर मात्र नाही.

उत्पादकांचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. गळाने पकडलेला सॅमन विकायला स्कॉटलंडमध्ये २००२ पासून बंदी आहे. २०१६ पासून किनाऱ्यावर जाळ्यांनी पकडलेला सॅमन ठेवून घेताही येत नाही. म्हणजे बाजारातला स्कॉटिश सॅमन पिंजऱ्यातलाच. मग वेगळं सांगायचं कशाला?

पण बाजारात दुसरा मासा का नाही, हेही विचारायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएनने ग्रेट ब्रिटनमधल्या रानटी अटलांटिक सॅमनला 'संकटग्रस्त' ठरवलं. कारणं अनेक आहेत: तापणारा समुद्र, नद्यांतले बांध, प्रदूषण. पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या सी लाइस, म्हणजे माशांच्या उवा, आणि निसटलेल्या माशांचा रानटी माशांशी होणारा संकर हीसुद्धा त्यातलीच. म्हणजे नदीतला मासा कमी झाला, म्हणून पिंजऱ्यातल्याला त्याचं नाव बिनशर्त मिळालं. आणि 'स्कॉटिश सॅमन' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो अजून धबधब्यावर उडी मारणारा मासाच.

पिंजऱ्यातलं जगणं वेगळं आहे. एकेका जाळ्यात हजारो मासे. उवा खायला सोबत सोडलेले रॅस आणि लंपफिश. तरीही उवा वाढल्या की औषध, नाहीतर कोमट पाण्याची आंघोळ. विष्ठा थेट समुद्रात. ऑगस्ट २०२० च्या एलन वादळात कॅराडेलजवळच्या एका फार्ममधून सुमारे ४८ हजार मासे निसटले. 'फार्म्ड' हा एक शब्द या सगळ्याकडे बोट दाखवत होता.

या शेतीवर हायलँड्स आणि बेटांवरची कितीतरी घरं चालतात, आणि ते महत्त्वाचं आहेच. पण शेती हा काही लपवायचा शब्द नाही. काम अभिमानाचं असेल तर नावात ठेवायला अडचण कसली? स्कॉटिश संसदेच्या समितीने २०१८ मध्ये म्हटलं होतं की आहे तसंच चालू ठेवणं मान्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने प्रगती फार संथ असल्याची नाराजी नोंदवली. या दोन अहवालांच्या मध्ये जो बदल सुरळीत पार पडला, तो लेबलचा.

आपल्यालाही हे परकं नाही. मुंबईच्या हॉटेलांत रावस 'इंडियन सॅमन' म्हणून विकला जातो, सॅमनशी त्याचं काहीही नातं नसताना. आणि कारवारला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने समुद्रातल्या पिंजऱ्यांत जिताडा वाढवून दाखवला आहे. उद्या तो आपल्या बाजारात सर्रास येईल. यायला हरकत नाही, फक्त 'पिंजऱ्यातला' म्हणून यावा. कोळीणबाईला आपण विचारू शकतो, "खाडीचा का तळ्यातला?" ती सांगते, आपण भाव करतो. पाकिटाला काही विचारता येत नाही, म्हणून त्याचं उत्तर समोरच छापलेलं हवं.