इशिहारांचे ठिपके काय सांगतात?

रंगांधता ओळखण्यासाठी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक काढले. ते आजही जगभर वापरात आहे. रचना चतुर आहे. पहिल्या चित्रातील १२ हा आकडा सर्वांनाच दिसतो. त्यामुळे चाचणी समजली आहे की नाही, ते कळते. पुढील चित्रांत ठिपक्यांचा उजळपणा मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्याला उजळपणावरून आकडा हुडकता येत नाही.

आमचा आक्षेप या पुस्तकावर नाही, त्याच्या वाचनावर आहे. रोजच्या व्यवहारात रंगांध माणूस उजळपणा, जागा आणि आकार यांच्याच आधाराने चालतो. सिग्नलचा लाल दिवा वर असतो, हे त्याला ठाऊक असते. चाचणी नेमका हाच आधार काढून घेते. म्हणून ती दोष दाखवते, कुवत मोजत नाही. तरीही रंगांधतेवरून सरसकट अपात्र ठरवले जाते. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने २०१५ साली अशाच कारणाने एका विद्यार्थ्याला संकलनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तेथील सर्व अभ्यासक्रम रंगांधांना खुले करण्यास सांगितले.

निदान मात्र हवेच. संग्रामपूरसारख्या कापसाच्या तालुक्यात लाल्या पडलेले पान ज्याला हिरव्यातून वेगळे दिसत नाही, त्याला ते शाळेतच कळावे. शिक्षकांनी मात्र तिथेच थांबू नये. नकाशात रंगांसोबत रेघा आणि नावे द्यावीत. तेवढ्याने तोच विद्यार्थी तोच नकाशा बिनचूक वाचेल.